दिवसाला दोन हजार जास्त

मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात मी कॅशलेस विभागाचे काम पाहते. सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतून, तसेच सीमेपलीकडून बेळगाव-विजयपूरकडूनही रुग्ण मिरजेला येतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात आता आरोग्यविम्याचे कार्ड असते. कार्ड दाखवले की खिशात हात घालावा लागत नाही, असे मानून आलेल्या माणसाला डिस्चार्जच्या दिवशी त्याच्या वाट्याचा आकडा सांगणे हा माझ्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. नऊ वर्षांत असे आकडे मी कितीतरी जणांना सांगितले. पण गेल्या आषाढातला एक गुरुवार अजून मनातून जात नाही.

जत तालुक्यातल्या एका गावातल्या ७२ वर्षांच्या आजी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. जतला एक्स-रे काढून, इंजेक्शन देऊन धाकट्या मुलाने त्यांना रात्री साडेदहाला आमच्याकडे आणले. पॉलिसी पुण्यात नोकरी करणाऱ्या थोरल्या मुलाने काढलेली होती. विमा रक्कम ३ लाख रुपये. दाखल करून घेताना काउंटरवर विचारण्यात आले की शेअरिंगची खोली हवी की स्वतंत्र. शेअरिंगचे भाडे दिवसाला ३,००० रुपये आणि स्वतंत्र खोलीचे ५,०००. आईला रात्री नीट झोप लागावी म्हणून मुलाने स्वतंत्र खोली घेतली. दिवसाला दोन हजार जास्त, सहा दिवसांचे बारा हजार, तेवढे आपण भरू, असा त्याचा साधा हिशेब होता. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा किती आहे, हे त्याला कोणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमा कंपनीला पूर्वमंजुरीचा अर्ज मी पाठवला. तो भरताना पॉलिसीतली ओळ मी वाचली होती: खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. त्याच वेळी वर जाऊन मी नातेवाइकांना सांगायला हवे होते. त्या सकाळी हातात आणखी सात अर्ज होते आणि आजींना शस्त्रक्रियेसाठी नेण्याची घाई चालली होती. ते सांगणे राहून गेले, आणि याची टोचणी मला आजही आहे.

सहाव्या दिवशी, गुरुवारी, थोरला मुलगा पुण्याहून आला. पॉलिसीची छापील प्रत त्याने सोबत आणली होती. "मॅडम, वीस टक्के को-पे आहे हे मला माहीत आहे. खर्चाचा अंदाज सव्वादोन लाखांचा दिला होता, म्हणून पंचेचाळीस हजार आणलेत," असे तो म्हणाला. इतकी तयारी करून येणारे नातेवाईक फार थोडे. को-पे म्हणजे मंजूर होणाऱ्या प्रत्येक दाव्यातला ठरलेला हिस्सा विमाधारकाने स्वतः उचलायचा. वयाच्या साठीनंतर घेतलेल्या पॉलिसींत ही अट बहुधा असते, आणि हप्ता कमी ठेवण्यासाठी काही जण ती समजून-उमजून स्वीकारतात. त्यानेही तसेच केले होते. चुकले ते एवढेच, की हे वीस टक्के पूर्ण बिलावर लागतात आणि उरलेले सगळे कंपनी देते, असे त्याने धरले होते. प्रत्यक्षात आधी बाकीच्या सगळ्या कपाती होतात आणि जी रक्कम देय ठरते तिच्यातून हे वीस टक्के वजा होतात.

अंतिम बिल २,२२,००० रुपयांचे झाले. त्यात खोलीचे ३०,०००, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि डॉक्टरांच्या भेटी मिळून ९०,०००, सांध्यात बसवलेल्या कृत्रिम चेंडूचे ४५,०००, औषधे व साहित्याचे ३८,०००, तपासण्यांचे १२,००० आणि डायपर, नातेवाइकांचे जेवण अशा, विमा न लागणाऱ्या बाबींचे ७,००० होते. दुपारी दीडच्या सुमारास मंजुरीपत्र आले: १,०३,२०० रुपये. म्हणजे कुटुंबाने भरायचे १,१८,८००.

त्याने पत्र दोनदा वाचले आणि काहीही न बोलता ते माझ्यासमोर ठेवले. आवाज चढवणाऱ्या माणसाशी कसे बोलावे हे मला सवयीने जमते. गप्प बसलेल्या माणसापुढे मात्र शब्द सापडत नाहीत. मी कागद घेऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि एकेक आकडा मांडायला सुरुवात केली.

मर्यादा ३,००० ची आणि खोली ५,००० ची, म्हणजे पात्रता साठ टक्के. कंपनी फक्त खोलीचे वरचे दोन हजार कापून थांबत नाही. आमच्यासारख्या रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की शल्यचिकित्सकाच्या आणि शस्त्रक्रियागृहाच्या आकाराचे दरही बदलतात. डॉक्टर तेच, टेबल तेच, पण स्वतंत्र खोलीच्या रुग्णाला दर जास्त लागतो. म्हणून खोलीशी निगडित त्या सगळ्या आकारांनाही तीच साठ टक्क्यांची कात्री लागते. यालाच प्रमाणशीर कपात म्हणतात, आणि माझ्या अनुभवात को-पेपेक्षा जास्त घरांचा हिशेब याच कपातीने मोडला आहे.

मांडता मांडता माझ्या लक्षात आले की पत्रात ही कात्री कृत्रिम चेंडू, औषधे आणि तपासण्या यांनाही लावलेली होती. त्या ९५,००० पैकी ५७,००० च धरले होते. हे नियमाला सोडून होते. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्येच स्पष्ट केले आहे की औषधे व साहित्य, शरीरात बसवायची उपकरणे आणि निदानाच्या तपासण्या यांवर प्रमाणशीर कपात करता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या आकारांवरही नाही. खोली कोणतीही असो, चेंडूची किंमत तीच राहते.

मी लगेच पुनर्विचाराची विनंती लिहिली, बिलातल्या त्या तीन बाबी अधोरेखित करून जोडल्या आणि फोनवर कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी बोलून घेतले. तोवर आजींचे सामान बांधून झाले होते. त्या पलंगावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या सिस्टरांना विचारत होत्या, "आमची गाडी कधी निघायची गं?" पैशांचे त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. खाली धाकटा मुलगा माझ्या टेबलाजवळ आला, थोरल्याने त्याला सगळे समजावले, आणि तो एवढेच म्हणाला, "खोली मीच घेतली." मग बाहेर जाऊन तो रिक्षाथांब्यापाशी बराच वेळ उभा राहिला.

सव्वापाचला सुधारित पत्र आले. खोलीचे १८,०००, निगडित आकारांचे ५४,००० आणि त्या तीन बाबींचे पूर्ण ९५,००० मिळून १,६७,००० देय. त्यातून वीस टक्क्यांचे ३३,४०० वजा जाऊन मंजुरी १,३३,६०० ची. कुटुंबाचा भार ३०,४०० नी हलका झाला, तरी ८८,४०० भरायचेच होते. थोरल्याने आणलेली रोकड दिली आणि उरलेले ४३,४०० कार्डवर भरले.

ते गेल्यावर शेअरिंगच्या खोलीचा हिशेब मी करून पाहिला; न करते तर बरे झाले असते. खोलीचे १८,०००, निगडित आकार त्या वर्गाच्या दराने ७२,००० आणि बाकी सगळे तेवढेच. को-पे आणि विमा न लागणाऱ्या बाबी धरून त्यांना ४४,००० भरावे लागले असते. त्याने आणलेले पैसे पुरले असते. बारा हजारांची वाटलेली खोली त्या घराला ४४,४०० रुपयांना पडली होती.

दुसऱ्या दिवशी मी प्रशासकांना भेटले. आता दाखल करतेवेळच्या फॉर्मवर खोलीची निवड लिहिण्याआधी पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पेची टक्केवारी लिहावी लागते, आणि रात्रपाळीच्या काउंटरवरच्या मुलांना पॉलिसीत ती ओळ कुठे शोधायची हे मी स्वतः शिकवले आहे. रात्री पॉलिसी हाताशी नसेल, तर आधी शेअरिंगची खोली द्यावी आणि सकाळी बदलून घ्यावी, असेही ठरले.

दोन आठवड्यांनी आजी टाके काढायला आल्या. वॉकर धरून त्या सावकाश चालत होत्या. थोरला मुलगा सोबत होता आणि त्याच्या हातात बिलांची फाइल होती. दाखल होण्याआधीच्या ३० दिवसांचा आणि डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्च त्यांच्या पॉलिसीत मागता येतो, हे मी त्या गुरुवारी त्याला सांगितले होते. जतच्या एक्स-रेचे आणि इंजेक्शनचे १,१५० रुपयांचे बिल त्याने सर्वांत वर लावले होते आणि त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक आकडा लिहिला होता.

"मॅडम, यातले नऊशे वीस मिळायला हवेत. बरोबर ना?"

मी बिल पाहिले. बरोबर होते.