तात्यांच्या काळीतला तिसरा खड्डा

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी स्वतःच्याच गावाची माती निवडली. आमचं गाव खटाव तालुक्यात, वडूजच्या पुढे, येरळेच्या खोऱ्यात. वर माळ, मध्ये उताराची रानं, खाली ओढ्याकाठची काळी. आमच्याकडे जमिनीचा विषय निघाला की "किती एकर" याच्या मागोमाग "कसली?" हा प्रश्न येतोच. त्या "कसली"चं उत्तर मला मोजून, नोंदून आणि शास्त्रातलं नाव देऊन लिहायचं होतं.

मृदशास्त्र म्हटलं की लोकांना आधी खड्डा दिसतो, पण सुरुवात टेबलावर होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचं १:५०,००० प्रमाणाचं पत्रक, उपग्रहाने घेतलेल्या उंचीच्या आकड्यांवरून काढलेला उताराचा नकाशा आणि तलाठ्याकडचा गावनकाशा असे तीन नकाशे मी एकावर एक बसवले. राज्याच्या माती नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. त्यामुळे आमचं अख्खं शिवार त्यात एकाच रंगाच्या ठिपक्यात बसलं होतं. तो नकाशा चुकीचा नाही, तो जिल्ह्यासाठी आहे. पण बांधावर उभं राहून त्याचा उपयोग होत नाही.

मग पाऊस. सातारा जिल्ह्याचं हवामान एका वाक्यात सांगताच येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीकडे तो पाचशेच्या आसपास येतो. खटाव-माण हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. तालुक्याच्या केंद्रातले पावसाचे आकडे मी उतरवून घेतले आणि शेजारी बाष्पोत्सर्जनाचे आकडे मांडले. जमीन आणि पीक मिळून महिन्याला किती पाणी उडवू शकतात ते त्यातून कळतं. सप्टेंबर सोडला तर जवळजवळ प्रत्येक महिन्यात मागणी पावसापेक्षा जास्त. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेने देशाचे ६० कृषी-पर्यावरणीय उपप्रदेश पाडले आहेत. त्यातला आमचा ६.१, पीकवाढीचा काळ ९० ते १२० दिवसांचा.

हे सगळं आमच्या भिंतीवर आधीच लिहिलेलं होतं. बाबा दर वर्षी कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलने लिहितात: "मृग कोरडा", "उत्तरा चांगला", "हस्त दोन दिवस". आमचं वर्ष उत्तरा आणि हस्तावर उभं असतं. त्या पावसाचं जे पाणी माती धरून ठेवील त्यावरच शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, येतो, कारण पेरणी झाल्यावर वरून फारसं काही मिळत नाही. म्हणून इथं मातीची खोली हा शेतीतला सगळ्यात मोठा आकडा आहे, असं माझं मत तेव्हाच पक्कं झालं.

एप्रिलमध्ये माळापासून ओढ्यापर्यंत एक सरळ रेषा धरून तीन खड्डे घेतले. पहिल्याला खड्डा म्हणणंही जड. वीस सेंटिमीटर तांबूस माती आणि खाली मुरूम, टिकाव ठणठण वाजायला लागला. दुसरा ओढ्याकाठच्या काळीत. तिथे दीड मीटर खणलं तरी मुरूम लागला नाही. बाबा आणि दोन गडी दोन दिवस खणत होते.

आमच्याकडे सगळीकडे खाली एकच काळा पाषाण, दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पाषाण एक असून माती तीन तऱ्हांची झाली ती उतारामुळे. वरून पाणी वाहताना बारीक चिकणकण आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम खाली घेऊन येतं. माळावर भरड तेवढं उरतं. खाली पाणी थांबतं, क्षार साठतात आणि तिथे स्मेक्टाइट ही फुगणारी-आकसणारी चिकणमाती तयार होते, टिकते. उन्हाळ्यात काळीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या हिच्यामुळे.

तिसरा खड्डा मधल्या उतारावर, शेजारच्या तात्यांच्या रानात. हे रान दिसायला अगदी काळं. वरच्या भेगा तीन बोटं रुंद.

"तात्या, इथं खणू का?"

"खण की पोरी. पण ही काळीच हाय. माझा आजा हिला काळीच म्हणायचा."

मीही मनात तेच नाव लिहून बसले होते: व्हर्टिसॉल, म्हणजे भेगाळणारी भारी काळी माती. ते नाव द्यायचं तर नुसता रंग आणि भेगा पुरत नाहीत. आत चिकणमाती ३० टक्क्यांच्या वर हवी आणि स्लिकनसाइड दिसायला हवेत. माती फुगताना ढेकळावर ढेकूळ घासतं आणि तिरप्या, चकचकीत, बारीक ओरखडे असलेल्या पाट्या तयार होतात, त्या स्लिकनसाइड. खड्ड्याच्या भिंतीवर मला चकाकी दिसली. मी नोंदवहीत लिहून टाकलं, फोटोही काढले.

आमचे मार्गदर्शक सर पुढच्या आठवड्यात आले. त्यांनी खिशातला चाकू काढला आणि भिंतीचा एक हातभर भाग टोकाने उचकटून काढला. ढेकळं जिथून आपोआप सुटतात तिथूनच सुटू दिली. सगळी चकाकी गेली. ती फावड्याची होती. ओलसर चिकणमातीवर फावडं घासलं की लोखंडाचा चेहरा मातीवर उमटतो. आतल्या ढेकळांवर थोडी तुळतुळीत झाक होती, दाबाने आलेली, पण भिंगातून एकही ओरखडा दिसेना. सर म्हणाले, "फावड्याने नाही, चाकूने वाच." त्या एका वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. माझ्या तिन्ही खड्ड्यांच्या भिंती मी दुसऱ्या दिवशी पुन्हा चाकूने सोलल्या. ओढ्याकाठच्या खड्ड्यात मात्र साठ सेंटिमीटरच्या खाली खरे स्लिकनसाइड निघाले. एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या पाट्या, बोट फिरवलं की ओरखडे नखाला लागत होते.

मग थरांची नोंद. रंगासाठी मन्सेलचं पुस्तक, त्यातल्या रंगाच्या चकत्यांशेजारच्या भोकातून माती धरून बघायची, आधी कोरडी, मग पाणी शिंपडून. तात्यांच्या रानाचा ओला रंग १० वायआर ३/१, म्हणजे खूप गडद राखाडी आला, ओढ्याकाठचाही तोच. रंगावरून दोन्ही सख्ख्या बहिणी. पुढे पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले; चुना असला की फेस येतो. ओढ्याकाठी वरच्या थरापासूनच फेस आला आणि खाली चुनखडीचे खडे हरभऱ्याएवढे. तात्यांच्या रानात फेस होता, खडे तुरळक. आणि ५८ सेंटिमीटरवर मुरूम.

नमुने घेताना एक गोष्ट कुणी शिकवली नसती तर मी चुकलेच असते: सगळ्यात खालच्या थरापासून वर यायचं. वरून सुरुवात केली की वरची माती सांडून खालच्या थरात मिसळते. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, एक पिशवीत, एक बाहेर.

प्रयोगशाळेतलं बरंचसं नेहमीचं, सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब. कणांचं प्रमाण काढणं मात्र जिवावर आलं. आमच्या मातीत चुना असल्यामुळे चिकणकण एकमेकांना धरून बसतात. आधी आम्लाने चुना घालवायचा, हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय पदार्थ घालवायचे, मग कण सुटे करणारं रसायन घालून ढवळून नळकांड्यात ठेवायचं. भरड कण आधी बसतात, चिकणकण तासन्‌तास पाण्यात तरंगतात. दहा सेंटिमीटर खोलीवरून चिकणमातीचा भाग पिपेटने उचलायला सात-आठ तास थांबावं लागतं. नळकांडं हलवायचं नाही, खिडकीचं ऊनही पडू द्यायचं नाही, कारण पाणी तापलं की कण लवकर बसतात. मी त्या खोलीत डबा खायचे.

आकडे आले. तात्यांच्या रानात चिकणमाती भरपूर, आकसण्याचं प्रमाणही चांगलं, पण स्लिकनसाइड नाहीत. म्हणजे व्हर्टिसॉल नाही, इन्सेप्टिसॉल, पूर्ण नाव व्हर्टिक हॅप्लुस्टेप्ट. काळीच्या वाटेवर असलेली, पण काळी न झालेली माती. ओढ्याकाठची खरी व्हर्टिसॉल, टिपिक हॅप्लुस्टर्ट. माळावरची उथळ, लिथिक उस्टॉर्थेंट.

ही नावं घेऊन मी तात्यांकडे जाणार नव्हते. मी पाण्याचा हिशेब घेऊन गेले. त्यांची माती पूर्ण भिजली तरी पिकाला उपयोगी पडेल असं पाणी शंभर मिलिमीटरच्या आसपास धरते. हस्त संपला की शाळूची गरज दिवसाला सरासरी तीन मिलिमीटर धरली तरी महिन्याभराची शिदोरी. ओढ्याकाठची माती त्याच्या दुपटीहून जास्त धरते.

तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोटरीत येतो बघ हितला शाळू. आन् थांबतो. खालच्या रानातला निसवतो, ह्यो थांबतो. आमी म्हणायचो, बियाणंच खराब."

थोड्या वेळाने ते उठले. "सगळ्या रानात न्हाय थांबत. चल."

त्यांनी मला रानाच्या खालच्या अंगाला, जुन्या बाभळीजवळ नेलं. "हितं मार तुझं गिरमिट." मुरूम लागेपर्यंत गिरमिट पंच्याण्णव सेंटिमीटर गेलं. पुढचे तीन दिवस आम्ही दोघांनी त्या रानात दर वीस पावलांवर गिरमिट मारलं. मी खोली लिहायची, तात्या आधीच सांगायचे, "हितं लवकर लागंल." बहुतेक वेळा लवकर लागायचा. सगळे आकडे गावनकाशावर मांडले तेव्हा ७५ सेंटिमीटर खोलीची रेषा बाभळीपासून निघून, त्यांच्या आज्ज्याने फोडलेल्या एका जुन्या बांधाच्या खुणेवरून गेली.

प्रबंधाच्या नकाशात ती रेषा आहे. त्या वर्षी उत्तरा बरा झाला. तात्यांनी रेषेच्या वरच्या अंगाला मध्यम जमिनीसाठीचा फुले सुचित्रा हा शाळूचा वाण पेरला, तोही आधी, आणि खालच्या अंगाला नेहमीची मालदांडी ठेवली. पेरणीच्या दिवशी पाभर बाभळीजवळ आली तेव्हा त्यांनी बैल थांबवले, चाड्यातलं बी पोत्यात काढलं आणि दुसरं भरलं.