पहिला नंबर कुणाचा, आणि कुणी दिला

जगातल्या ५० बेस्ट रेस्टॉरंट्सची यादी आली रे आली की मी ती वाचतो. त्यातल्या एकाही ठिकाणी मी जेवलेलो नाही, पुढेही काही चान्स दिसत नाही, तरी अमुक खाली कसं घसरलं आणि तमुक वर कुणी नेलं यावर मी तावातावाने बोलू शकतो. तसे बोलणारे बहुतेक सगळे माझ्यासारखेच, न जेवलेले.

ही यादी २००२ मध्ये एका ब्रिटिश मासिकाने सुरू केली, पहिल्या वर्षी स्पेनचं एल बुली पहिलं आलं. मतं देणारे हजाराच्या वर लोक असतात, म्हणजे शेफ, फूड रायटर आणि भरपूर फिरून भरपूर खाणारी मंडळी. अट अशी की गेल्या दीड वर्षात तुम्ही तिथे जेवलेले असायला हवं. वाचायला बरं वाटतं, पण जरा विचार केला तर सगळी मेख इथेच आहे. कितीही खादाड माणूस असला तरी तो दीड वर्षात जाऊन जाऊन जाणार किती ठिकाणी? आणि जाणार कुठे, तर ज्याची आधीच चर्चा आहे तिथे. मग तिथेच मतं पडणार, ते वर येणार, वर आलं की आणखी चर्चा, की पुढच्या वर्षी आणखी परीक्षक तिकडेच. ज्या गावाला थेट विमान जात नाही तिथल्या बिचाऱ्या शेफने काय करायचं? त्याचं जेवण वाईट म्हणून तो यादीत नाही असं नाही, त्याच्याकडे कुणी गेलेलंच नाही. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या काही लोकांनी या यादीविरुद्ध मोहीमच काढली होती. जेवल्याचा पुरावा मागत नाहीत, फुकट जेवलं तरी चालतं, ही त्यांची तक्रार. आता फ्रेंचांना स्वतःचे नंबर घसरल्याचा राग होता हेही आहेच, पण म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही ना.

आणि २०१९ चा नियम तर कहर आहे. एकदा पहिला नंबर मिळाला की त्या रेस्टॉरंटला यादीतूनच बाहेर काढून वेगळ्या मानाच्या यादीत बसवतात. म्हणजे वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला पुढे परीक्षेलाच बसू द्यायचं नाही आणि उरलेल्यांत जो पहिला येईल त्याचा सत्कार करायचा! बरं, त्यातही पळवाट निघालीच. कोपनहेगनचं नोमा आधी चारदा पहिलं आलेलं, पण २०१८ मध्ये नव्या जागेत नव्याने उघडलं म्हणून ते नवीन रेस्टॉरंट धरलं गेलं, २०१९ ला दुसरं आलं आणि २०२१ ला पुन्हा पहिलं. पत्ता बदलला की पाटी कोरी.

रेस्टॉरंट्सना एक ते तीन स्टार देणारं गाइड काढणारे मिशलिनवाले मला त्यातल्या त्यात बरे वाटतात. टायर कंपनी असली तरी त्यांना एक गोष्ट कळलीय, ते तीन स्टारवाल्यांमध्ये पुन्हा पहिला दुसरा करत बसत नाहीत. त्यांचे इन्स्पेक्टर ओळख लपवून जातात आणि बिलही भरतात. अर्थात काही देशांत गाइड काढायला तिथलं पर्यटन खातं पैसे देतं, त्यामुळे तेही काही अगदी धुतल्या तांदळासारखे नाहीत. पण निदान सातवा चांगला की आठवा हा आचरटपणा तरी तिथे नाही. दोघांचा स्वयंपाक वेगळा, देश वेगळा, मत देणारेही बरेचसे वेगळे, मग सातव्यात आणि आठव्यात फरक कसला? चार मतं इकडची तिकडे.

माझं म्हणणं एवढंच की ५० नावं अकारविल्हे छापा, नंबर देऊ नका. पण ते कधीच होणार नाही, कारण निकालाच्या रात्री ५० पासून उलटे नंबर पुकारतात. समोर शेफ लोक गळ्यात लाल मफलर घालून बसलेले असतात, आणि नाव जितकं उशिरा येईल तितकं बरं असल्याने सगळ्यांचा जीव टांगणीला. गेल्या वर्षी पहिल्या दहात असलेल्याचं नाव तिशीतच पुकारलं गेलं की तो उठतो, हसतो, हातही हलवतो, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून जरा जास्तच वेळ हलत नाही. अकारविल्हे यादी असती तर हा कार्यक्रम कुणी बघितला असता? मी तर नसता बघितला.