आमची वाटचाल : जुन्या मैदानाची कड शोधताना

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका लहानशा गाळ्यात १९९८ साली आम्ही हिरवळ लावून देण्याचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात प्रतापसिंहराव महाराजांनी युरोपीय पाहुण्यांसाठी करवून घेतलेले गोल्फचे मैदान त्याच दशकात नव्याने सिद्ध झाले होते. मात्र आमची पहिली बारा वर्षे बंगल्यांची अंगणे आणि कारखान्यांची आवारे यांतच गेली.

त्यानंतर गोल्फच्या एका जुन्या खाजगी मैदानाचे काम मिळाले. ते मूळ आराखड्याप्रमाणे पूर्ववत करायचे होते, पण आराखड्याचा कागद कोणाकडेच नव्हता. पहिल्या ग्रीनला, म्हणजे चेंडूच्या खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला, आम्ही आमच्या अंदाजाने भराव घालून उंची दिली. पहिल्याच पावसाळ्यात त्या काळ्या मातीत पाणी साचले आणि हरळी कुजून गेली. ते ग्रीन आम्ही स्वतःच्या खर्चाने उखडले. त्या नुकसानीपेक्षा अधिक लागले ते हे, की जे शोधायचे होते ते आम्ही मनाने रचले होते.

अमेरिकेतील पाइनहर्स्ट येथील दुसऱ्या क्रमांकाच्या गोल्फ मैदानाचे काम आम्ही त्या काळात बारकाईने अभ्यासले. डोनाल्ड रॉस यांनी आखलेले ते मैदान बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी २०१० ते २०११ या काळात जुनी हवाई छायाचित्रे आणि मधोमध गेलेल्या पाण्याच्या जुन्या नळाची ओळ यांच्या आधाराने मूळ रूपात आणले, आणि त्यासाठी कित्येक एकर हिरवळ काढून टाकून तिथे वाळू व रानगवत येऊ दिले. पुनर्रचनेत काढून टाकणे हेही काम असते, हे तिथून समजले.

आमच्या कामातील ग्रीनही मूळच्यापेक्षा आक्रसली होती. ग्रीन आक्रसण्याचे कारण साधे असते. कडेचे उंच गवत खरवडले जाऊ नये म्हणून कापणी करणारा माणूस यंत्र दर वेळी किंचित आत वळवतो, आणि तीस-चाळीस वर्षांत कोपरे गोल होऊन ग्रीनचा आकार एखाद्या ताटासारखा होतो. म्हणून आम्ही कडेबाहेर हातभर-हातभर अंतरावर पोकळ सळई खोचत गेलो. निघालेली माती वर्तमानपत्रावर आडवी ठेवली, की वर चार इंच काळी माती आणि खाली नदीच्या वाळूचा पिवळसर थर स्पष्ट दिसे. कडेपासून आठव्या फुटानंतर मात्र वाळू संपून नुसती काळी माती लागली, म्हणजे ग्रीनची जुनी कड तिथे होती. तिथे फक्की टाकत गेलो, तेव्हा संध्याकाळपर्यंत बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, मागे वळणारा एक लांब कोपरा जमिनीवर उमटला. त्या मैदानावर उमेदीची वर्षे घालवलेले वृद्ध माळीकाका शेजारी उभे होते. ते म्हणाले, “भाऊ, झेंडा इथे लावला की साहेब लोक कुरकुरायचे.”

बंकरच्या काठांवर उडालेल्या वाळूचे थर साचून ते फुगले होते, ते उतरवले. नंतर लावलेली निलगिरी तोडण्यास सदस्यांचा विरोध झाला. तो आम्हाला समजत होता, कारण झाडाशी माणसाचा जीव जडतो. सकाळची सावली ग्रीनवर किती वेळ राहते याची पंधरा दिवसांची नोंद दाखवल्यावर सात झाडांना संमती मिळाली.

आज आमच्याकडे अकरा माणसे आहेत. त्या मैदानाची सहा ग्रीन पूर्ण झाली असून उरलेल्या तिन्हींची सळईने तपासणी दिवाळीनंतर, जमीन वाफशावर आली की, सुरू होईल.