डायनायट्रोफिनॉल आणि मधुमेही मूत्रपिंड: माझ्या एम.एस्सी. प्रकल्पाचा अनुभव

जीवरसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षी मी हा विषय घेतला त्याचे कारण आमच्या पंचवटीतल्या घरातच होते. मधुमेह असलेल्या अण्णांच्या लघवीच्या तपासणीत नुकतीच प्रथिने आढळली होती; मूत्रपिंड बिघडू लागल्याची ती खूण.

वाचनाला बसण्याआधी प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी मला प्रयोगशाळेत उभे केले. परीक्षानळीतल्या डायनायट्रोफिनॉलच्या पिवळ्याधमक द्रावणात मी आम्लाचे थेंब सोडत गेलो आणि रंग फिकटत जाऊन जवळजवळ नाहीसा झाला. “प्रोटॉन उचलला की रंग जातो. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलातून हे रसायन असाच प्रोटॉन घेऊन जाते आणि आत सोडते,” त्या म्हणाल्या. एटीपी हा पेशीचा ऊर्जारेणू घडवण्यासाठी साठवलेला प्रोटॉनांचा दाब अशा रीतीने गळून जातो, ऑक्सिजन मात्र खर्च होतच राहतो आणि ऊर्जेची नुसती उष्णता होते. 1933 पासून वजन उतरवण्यासाठी अमेरिकेत हे रसायन माणसांना दिले गेले आणि मोतीबिंदू व मृत्यू पाहून 1938 मध्ये ते बंद झाले, हा इतिहास एका संध्याकाळीच लिहून झाला.

अडलो ते पुढे. मधुमेहाचे संशोधक ब्राउनली यांच्या गटाच्या 2000 सालच्या लेखात, भरपूर ग्लुकोजमध्ये वाढवलेल्या गोवंशाच्या महाधमनीतील अस्तरपेशींना सीसीसीपी हे याच जातीचे रसायन दिल्यावर सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचे घातक रूप घटले आणि साखरेने होणाऱ्या हानीच्या तीन वाटा बंद झाल्या. मी त्यावर उत्साहाने ‘मूत्रपिंडाचे संरक्षण’ असे प्रकरणच बेतले. मॅडमनी समासात लाल शाईने एवढेच लिहिले: ‘मूत्रपिंड कुठे आहे?’

ते सापडले स्वीडनमधील 2013 सालच्या कामात. निरोगी उंदरांना रोज किलोमागे 30 मिलिग्रॅम डायनायट्रोफिनॉल 30 दिवस दिले, तर रक्तशर्करा न वाढताही मूत्रपिंडात ऑक्सिजन कमी पडला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली. काचपात्रातल्या पेशींना हवेतून ऑक्सिजन मिळतो. मूत्रपिंडाचा आतला भाग मुळातच तुटपुंज्या ऑक्सिजनवर चालतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. संशोधक शुलमन यांच्या गटाने 2015 मध्ये डायनायट्रोफिनॉलचे शरीरात हळूहळू सुटणारे रूप वापरून उंदरांचे मेदयुक्त यकृत आणि मधुमेह सुधारला होता, पण तो दाखला यकृताचा होता. मी प्रकरण फाडले आणि अवयवांनुसार पुन्हा मांडले.

“यात माझ्या कामाचे काही आहे का रे?” अण्णांनी विचारले. “नाही,” मी म्हटले, आणि त्यांची रात्रीची गोळी पुढे केली.