स्टिअरिंग जड झालं? कॉलम उतरवण्याआधी मीटर लावा

ईपीएसचा, म्हणजे विजेच्या मोटरने हाताला जोर देणाऱ्या स्टिअरिंगचा, पिवळा दिवा पेटला आणि स्टिअरिंग एकाएकी दगडासारखं जड झालं, की गॅरेजमध्ये निदान तयारच असतं: "कॉलम गेला, बदलावा लागेल." दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या अल्टो, वॅगन-आर किंवा आय-टेनला नवा कॉलम (मोटरसकट स्टिअरिंगचा दांडा) टाकायचा म्हणजे गाडीच्या उरल्यासुरल्या किमतीतून मोठा लचका. आणि पुष्कळदा तो कॉलम धडधाकट असतो, त्याच्यापर्यंत वीज नीट पोचत नसते एवढंच. म्हणून आधी मल्टिमीटर, मग पाना.

या छोट्या गाड्यांत मोटर स्टिअरिंगच्या दांड्यावरच, डॅशबोर्डखाली, चालकाच्या गुडघ्यांच्या वर असते. सुझुकीने १९८८ साली जपानमध्ये 'सर्वो' या चिमुकल्या गाडीत ही पद्धत आणली. तिच्यात तेल नाही, पंप नाही, पट्टा नाही. ईपीएसच्या गाडीला कोणी "ऑइल टॉप-अप करून बघू" म्हणालं, तर या कामापुरतं ते गॅरेज सोडा. दांड्याच्या मधोमध एक पिळ खाणारी बारीक सळई असते. तुम्ही स्टिअरिंगचं चाक वळवलं की ती किंचित पिळते, तो पिळ टॉर्क सेन्सर मोजतो, आणि कंट्रोल बॉक्स त्या हिशेबाने मोटरला करंट सोडतो. मोटरचा वर्म (स्क्रूसारखा गिअर) प्लास्टिकच्या दातेरी चाकाला फिरवतो आणि तुमच्या हाताला जोर मिळतो. बॉक्सला कुठलाही सिग्नल संशयास्पद वाटला तर तो मोटरची वीज तोडतो आणि दिवा लावतो. मदत बंद पडली तर हात दुखतील, पण चुकीच्या बाजूला मदत झाली तर गाडी डिव्हायडरवर जाईल, असा त्यामागचा विचार. म्हणजे दिवा 'मोटर जळली' असं सांगत नाही. 'मला शंका आली म्हणून मी बाजूला झालो' एवढंच सांगतो.

आधी एक खात्री करून घ्या. किल्ली ऑनवर फिरवली की दिवा पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात पेटतच नसेल तर बल्ब गेलेला असतो, किंवा गाडी विकताना कोणीतरी तो काढलेला असतो. जुनी गाडी घेताना हे आवर्जून बघावं. दिवा नीट पेटून विझतो आणि तरीही चाक जड लागतं, तर आधी टायरची हवा तपासा. ३० पीएसआयच्या जागी २० असेल तर ईपीएसला दोष देण्यात अर्थ नाही. मग पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून स्टँड लावा आणि किल्लीने स्टिअरिंगचं लॉक सोडवून, इंजिन बंद ठेवून हाताने स्टिअरिंग फिरवा. मध्येच अडखळत असेल किंवा एका ठराविक जागी घट्ट होत असेल, तर गंजलेला युनिव्हर्सल जॉइंट, सुकलेला रॅक किंवा स्ट्रटची वरची बेअरिंग बघा. ते काम विजेचं नाही.

दिवा पेटलेलाच राहतो, तर सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे. पार्किंगमध्ये चाक वळवताना ही मोटर सहज २५-३० अँपिअर ओढते, आणि तेही क्षणात. आयडलवर एसी, हेडलाइट आणि वायपर चालू असताना अल्टरनेटरला तेवढं जमत नाही, तो झटका बॅटरीने सोसायचा असतो. बॅटरी थकलेली असली की व्होल्टेज खाली येतं, बॉक्स मदत काढून घेतो. पावसाळ्यात संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये ईपीएस जातं आणि सकाळी मोकळ्या रस्त्यावर ठणठणीत असतं, ते यामुळेच.

बॅटरी चांगली निघाली तर खरी तपासणी आता. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. वायरमन मीटर 'बीप'वर ठेवतो, वायरीच्या दोन टोकांना लावतो, बीप वाजला की "लाइन ओके" म्हणतो. बीपसाठी मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी तो वाजतो. ३० अँपिअर जाताना काय होतं ते त्याला कळत नाही. समजा, गंजलेल्या अर्थिंगच्या जोडात फक्त ०.०५ ओहमचा अडथळा आहे. साधा मीटर तो दाखवणारही नाही. पण ३० अँपिअरला तिथे दीड व्होल्ट खाल्ले जातात आणि ४५ वॉटची उष्णता होते. जोड तापतो, आणखी काळा पडतो, अडथळा आणखी वाढतो.

म्हणून मोजणी भार असतानाच करायची. इंजिन चालू, मीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या मायनस खांबावर, क्लॅम्पवर नाही. लाल प्रोब ईपीएस बॉक्सच्या अर्थ वायरीला, कपलरच्या (वायरींच्या प्लास्टिक जोडाच्या) मागच्या बाजूने बारीक पिन घालून. वायरीचं आवरण टोचू नका, त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात गंज आत शिरतो. आता दुसऱ्याला कोरड्या जमिनीवर उभ्या गाडीचं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टवर उडी मारली तर चोर सापडला. मग क्लॅम्प, बॉडीचा बोल्ट, गिअरबॉक्सची जाड पट्टी असं एकेक ठिकाणी लाल प्रोब सरकवत न्या. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा उडी मारतो, दोष त्यांच्यामध्ये. प्लसकडेही तसंच: एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बॉक्सच्या जाड प्लस पिनला. इथे फ्यूज आणि त्याचे पाय मध्ये असल्यामुळे ०.३ पर्यंत चालतं. मदत आधीच बंद असेल तर मोटर करंट ओढणार नाही आणि ही मोजणी फसवी निघेल. अशा वेळी किल्ली बंद करून, ईपीएसचा कपलर काढून, त्याच्या प्लस आणि अर्थ पिनांमध्ये ५५-६० वॉटचा हेडलाइटचा बल्ब जोडा. जोड चांगला असेल तर तो लख्ख पेटतो, पिवळट पेटला तर ओळीत कुठेतरी व्होल्टेज खाल्लं जातं आहे. तो साधारण पाचच अँपिअर ओढतो, म्हणजे फक्त मोठा दोष पकडेल.

बॅटरीच्या खांबावरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, खांब आणि क्लॅम्प पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळून वर पेट्रोलियम जेली लावा. अर्थिंगचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बॉडीवर बसतं तिथला रंग आणि गंज धातू दिसेपर्यंत खरवडा. थिंबलमध्ये वायर हिरवी पडली असेल तर ती कापून नवं थिंबल दाबून बसवा, नुसती पिळून टेप लावू नका. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीला हे एवढंच पुरतं, असं बरेचदा होतं.

ईपीएसचा मुख्य फ्यूज बॉनेटखालच्या डब्यात असतो, मॉडेलप्रमाणे ३० ते ६० अँपिअरचा, काही गाड्यांत बोल्टने आवळलेला. तो बघून नाही, दोन्ही बाजूंना व्होल्टेज मोजून तपासायचा, कारण आतल्या पट्टीचा तडा डोळ्यांना दिसत नाही. पायाखालचं प्लास्टिक वितळलेलं असेल तर नवा फ्यूजही जळणार. सैल पडलेली चिमटी बदलावी लागेल. आणि ३० च्या जागी ५० टाकणं म्हणजे फ्यूजचं काम वायरीला देणं.

वीज सगळीकडे पुरेशी आहे, तरी दिवा आहे, तर कोड वाचा. ब्लूटूथचं स्वस्त यंत्र आणि फुकटचं ॲप बहुधा फक्त इंजिनचे, 'पी'ने सुरू होणारे कोड दाखवतं. ईपीएसचे 'सी'ने सुरू होतात. त्यासाठी तो विभाग वाचणारा स्कॅनर असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा. कोड लिहून घ्या, पुसा, गाडी चालवा आणि परत कोणता येतो ते बघा. बॅटरी बदलताना किंवा जंप देताना पडलेले जुने कोड कॉलमच्या नावावर खपवले जातात. व्होल्टेजचा कोड असेल तर वरच्या तपासणीकडे परत जा. वेगाचा किंवा इंजिनच्या आरपीएमचा कोड असेल तर कॉलमला हातही लावू नका. किल्ली ऑन पण इंजिन बंद आहे असं वाटलं तर बॉक्स मदत देत नाही, आणि स्पीडोमीटरची सुई पडलेली असेल तर दोष गिअरबॉक्सवरच्या वेगाच्या सेन्सरमध्ये शोधायचा.

टॉर्क सेन्सर बिघडला की लक्षण वेगळं दिसतं: एका बाजूला हलकं, दुसऱ्या बाजूला जड, किंवा सरळ रस्त्यावर चाक आपोआप ओढ घेतं. चाक स्वतःहून वळत असेल तर गाडी तिथेच थांबवा आणि ईपीएसचा फ्यूज काढा. बिनमदतीचं जड स्टिअरिंग त्याहून सुरक्षित, कारण दांडा आणि रॅक यांचं लोखंडी नातं कायम असतं. सेन्सरला साधारण ५ व्होल्ट मिळतात आणि तो दोन सिग्नल देतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत चाक मोकळं असताना दोन्ही अडीच व्होल्टच्या आसपास असतात, आणि वळवताना एक चढतो तर दुसरा उतरतो. चाक हळू वळवताना एखादा आकडा मध्येच शून्यावर किंवा पाचवर उडाला तर आधी त्याचा कपलर काढून पिना बघा, मगच सेन्सरला दोष द्या. खड्ड्यातून गेल्यावरच दिवा लागत असेल तर ही शक्यता जास्त.

मोटर. कार्बन असलेल्या मोटरचा कपलर काढून दोन पिनांमध्ये ओहम मोजा. मीटरच्या वायरींचे ०.२-०.३ वजा केल्यावर साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी यायला हवं, आणि कोणत्याही पिनेपासून मोटरच्या अंगापर्यंत काहीही येता कामा नये. आता चाक इंचाइंचाने फिरवत आकडा बघत राहा. एखाद्या जागी सर्किट तुटलेलं दाखवलं तर कार्बन झिजलेत किंवा कॉम्युटेटरवर (कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर) काजळी बसली आहे. जनरल मोटर्सने मार्च २०१० मध्ये उत्तर अमेरिकेत कोबाल्ट आणि पॉन्टियॅक जी-५ अशा सुमारे १३ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यामागेही कार्बनची भुकटी आणि कारखान्यातला तेलकटपणा यांचं मोटरमध्ये साचलेलं मिश्रणच होतं. कॉम्युटेटर काँटॅक्ट क्लीनरने धुवा, बारीक काचकागदाने हलका घासा, पट्ट्यांमधल्या खाचा लाकडी काडीने साफ करा. एमरी पेपर नको, त्याचे कण वीज वाहतात. तेलकट स्प्रे तर मुळीच नको. आणि कॉलमवर बसलेल्या मोटरला थेट १२ व्होल्ट देऊन "फिरते का बघू" हा प्रकार करू नका. चाक झपकन फिरतं, आरे मनगट मोडू शकतात.

बराच वेळ पार्किंगमध्ये वळणं घेतल्यावर स्टिअरिंग जड होऊन दहा-पंधरा मिनिटांनी परत हलकं होत असेल, तर बहुधा तो बिघाड नाही. मोटर तापली म्हणून बॉक्सने करंट कमी केला.

बॉक्स स्वतः बिघडतो तेव्हा बरेचदा पाणी कारणीभूत असतं. काचेच्या रबरातून किंवा काउलमधून (काचेखालच्या जाळीतून) झिरपलेलं, किंवा तुंबलेल्या रस्त्यावर गालिच्यापर्यंत आलेलं. उघडून हिरवी पडलेली पिन, रिलेच्या जाड पायांभोवती गोल तडा गेलेलं रांगण (सोल्डर), फुगलेला कपॅसिटर बघा. तडा गेलेलं रांगण काढून नवं भरणं हे चांगल्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याचं अर्ध्या तासाचं काम आहे. ट्रॅक खाल्ले गेले असतील तर बॉक्स बदला, कॉलम नाही.

दिवा नाही, जोर ठीक, पण खडबडीत रस्त्यावर किंवा उभ्या गाडीत चाक डावी-उजवी हलवल्यावर 'टक-टक' येतं, ही निराळी तक्रार. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत मोटर आणि वर्म यांच्यामध्ये एक छोटी चांदणीच्या आकाराची चकती असते, ती कालांतराने भुगा होते. तिची किंमत कॉलमच्या मानाने चिल्लर आहे. मजुरी मात्र लागते, कारण मोटर सोडवावी लागते.

इतकं करून कॉलम उतरवायचाच असेल तर बॅटरीचा मायनस काढून काही मिनिटं थांबा. एअरबॅग असेल तर तिच्या पिवळ्या कपलरला मीटर लावू नका. चाकं सरळ करून स्टिअरिंग बांधून ठेवा, नाहीतर एअरबॅगची गुंडाळलेली पट्टी तुटते. खालच्या जॉइंटवर आणि दांड्यावर खडूने नाही, पंचने खूण करा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी जुना कॉलम घ्यायचा तर पार्ट नंबर अक्षर-अंकांसह जुळवा, दांडा फिरवून अडखळतो का पाहा, आणि कपलरच्या आत चिखलाची रेषा दिसली तर तो पुरातला माल आहे, ठेवून द्या. बसवल्यावर ज्या गाड्यांना लागतं त्यांचा टॉर्क सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणून घ्या. चाकं सरळ आणि हात चाकाला न लावता. मग मोकळ्या रस्त्यावर ३० च्या वेगात दोन्ही बाजूंना सारखीच वळणं घ्या. वळणानंतर चाक दोन्हीकडून स्वतःहून मध्यावर येत नसेल, तर शून्य चुकलंय, परत करा.