पेडल मऊ झालं की कडक?

चिपळूणला माझं गॅरेज आहे. कराडकडून कुंभार्ली घाट उतरून भाजी आणणाऱ्या पिकअप माझ्याकडे नेहमीच्या. त्यातलीच एक मे महिन्यात पुन्हा ब्रेकसाठी आली. या वेळी मालकही सोबत होते.

"मिस्त्री, गाडीत काही नाही. हा ब्रेकवर पाय ठेवूनच घाट उतरतो. तुम्ही फक्त गाडी ओके आहे म्हणा, उद्यापासून याला बंद करतो."

ड्रायव्हरमामा बाजूला उभे होते. पन्नाशी उलटलेले, पंधरा वर्षं याच घाटात. आदल्या रात्री पोफळीच्या वर दोन वळणं राहिली असताना ब्रेक गेला. त्यांनी गाडी पहिल्यात टाकली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या कडेला घासत उभी केली. हौद्याच्या पत्र्यात लाल माती रुतून बसली होती.

मी त्यांना एकच विचारलं, "मामा, पेडल कडक झालं होतं की मऊ?"

"मऊ. शेवटी तर पायाखाली काहीच नव्हतं. अर्धा तास थांबलो, मग परत पहिल्यासारखं."

या उत्तरावर माझं अर्धं निदान होतं. पॅड तापून पकड सुटली तर पेडल कडकच राहतं. पाय रेटायचा, जळका वास येतो, पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ होऊन खाली बसलं तर ब्रेक ऑइलला उकळी फुटलेली असते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. गार झालं की वाफेचं परत ऑइल होतं. अशी गाडी गॅरेजच्या आवारात फिरवून बघणाऱ्याला ती ठणठणीतच वाटणार. मार्चमध्ये मीही आवारात एक चक्कर मारली होती आणि पॅड बदलून दिले होते. त्यानंतर दुसरीकडे, पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलेंडरही बदलून झाला होता.

ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल स्वच्छ, सोनेरी होतं. तिथेच फसायला होतं. पुढच्या चाकाच्या कॅलिपरचं ऑइल काढायचं निपल सोडलं तर कोऱ्या चहासारखं काळं ऑइल आलं. मास्टर सिलेंडर बदलताना वरचं तेवढं नवीन भरलेलं, खालचं तसंच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आमच्या कोकणात हवेला पाण्याची कमी नाही. डॉट ३ दर्जाचं नवीन ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की तीच मर्यादा १४० वर येते.

ऑइल बदलून गाडी देता आली असती. पण जुनं ऑइल नुसतं लवकर उकळतं, स्वतः तापत नाही. एवढी उष्णता आली कुठून?

ऑइल बदललं, तेवढाच माल भरला, मामांना चालवायला बसवलं आणि टेंपरेचर गन घेऊन शेजारी बसलो. घाटमाथ्यावरून उतरताना मी त्यांच्या पायाकडेच बघत होतो. गाडी सेकंड गिअरला. वळणाआधी ब्रेक दाबायचा, सोडायचा, वळण घ्यायचं. पाय ठेवून बसणं नाही की न्यूट्रल नाही. इतकं नीट उतरणारे ड्रायव्हर मी फार कमी पाहिलेत.

निम्म्या घाटात रुंद जागा बघून थांबलो. चकचकीत डिस्कवर गन कमी आकडा दाखवते, म्हणून मी गंजलेल्या कडेवर धरतो. पुढे डावीकडे ३३८ अंश, उजवीकडे ३२५. मागच्या ड्रमवर ६२ आणि ५८. मी ड्रमला सरळ हात लावला. ऊन लागलेल्या पातेल्याइतकाच गरम. म्हणजे पावणेदोन टन माल पुढची दोन चाकंच थांबवत होती आणि मागची नुसती फिरत होती.

गॅरेजला परत येऊन भरलेली गाडीच रँपवर घेतली. मागच्या एक्सलपासून चेसिसवरच्या एलएसपीव्हीपर्यंत, म्हणजे मालाच्या वजनानुसार मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत, एक दांडी जाते. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी हलते आणि तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होऊन घसरू नयेत, म्हणून एरवी तो प्रेशर कमी ठेवतो. मागच्या चाकाला गेज लावून मामांना पेडल पूर्ण दाबायला सांगितलं. काटा २५ बारवर अडला. मी दांडी हाताने वर रेटली तसा तो चढायला लागला. व्हॉल्व्ह चांगला होता. हौदा खाली बसतच नव्हता, त्यामुळे गाडी कायम रिकामीच आहे असं तो धरून चालला होता.

मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटा, म्हणजे पोलादी पट्टी, घातलेला होता. पाटे धरून ठेवणाऱ्या यू-बोल्टच्या नटांवरची धूळ बोटाने पुसली. चारही नटांवर पिवळा ठिपका.

यू-बोल्ट पूर्ण आवळून झाले की तो ठिपका मी देतो, मीच. दिवाळीत मालक म्हणाले होते, "माल भरला की मागून बसते, एक पाटा वाढवा." मी वाढवला. दांडी सेट केली नाही.

मालकांना बोलावून ठिपका दाखवला आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग मामांकडे न बघताच म्हणाले, "मामा, चहा घ्या."

जादा पाटा काढला. दांडी मॅन्युअलच्या मापावर आणली. मागचे अडकलेले ॲडजस्टर सोडवले, पुढचे काचेसारखे झालेले पॅड बदलले. चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत डॉट ४ फिरवलं. पैसे घेतले नाहीत. माल कमी भरायचं मालकांनी कबूल केलं. सव्वा टनावर पुन्हा त्याच जागी थांबलो, तेव्हा पुढे २१० आणि मागे दीडशेच्या वर होतं. पेडल शेवटपर्यंत एकाच उंचीवर.

रात्री बिलांची फाइल काढून बसलो. वर्षभरात मी सात गाड्यांना पाटा वाढवला होता. मामांची एक झाली, राहिल्या सहा. पाच जणांना फोन लागले आणि आठवड्यात त्या गाड्या येऊन गेल्या. सहाव्याचा नंबर बंद होता. तो पहाटे भाजी उतरवतो एवढंच ठाऊक होतं, म्हणून चार दिवस चार वाजता मंडईत जाऊन उभा राहिलो. पाचव्या दिवशी गाडी आली. क्रेट उतरायच्या आधीच टॉर्च घेऊन मी खाली शिरलो.