आईचा 'डबा'

गेल्या मे महिन्यात वळीव झोडपून गेला आणि मिरजेत साडेतीन तास लाइट नव्हती. इन्व्हर्टरही शेवटी बसला. लाइट आल्यावर पंधरा मिनिटांत तासगावहून आईचा फोन. "अगं, फोटो उघडंनात. बाबांचे गेले का काय सगळे?"

पोटात गोळाच आला. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या जुन्या फोनमधले, आईच्या फोनमधले, दादाच्या कॅमेऱ्यातले मिळून एकोणीस हजार फोटो आमच्या हॉलमधल्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात आहेत. तिथं १६ जीबी रॅमचा एक सेकंडहँड मिनी पीसी आहे आणि शेजारी २ टीबीची हार्ड डिस्क. आई त्या सगळ्याला 'डबा' म्हणते.

डब्यावर डॉकर आहे, म्हणजे प्रोग्रॅम आपापल्या बंद खोक्यांत, कंटेनरमध्ये, चालवणारी सोय, आणि डॉकरमध्ये इमिच, घरच्याच मशीनवर फोटो ठेवून फोनवर दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याला चार कंटेनर लागतात : मुख्य सर्व्हर, चेहरे ओळखणारा मशीन लर्निंगचा, कामांची रांग सांभाळणारा रेडिस आणि पोस्टग्रेस डेटाबेस. चौघांची मांडणी एका कंपोज फाइलमध्ये लिहिलेली असते. हे चारही कंटेनर मी आज पुसून टाकले तरी नेट बरं असेल तर दहा मिनिटांत पुन्हा उभे राहतात. पुन्हा उभं राहत नाही ते कंटेनरच्या बाहेर असतं, फोटोंचा फोल्डर आणि डेटाबेसचा फोल्डर. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना मी आधी हेच सांगते, ते दोन फोल्डर कुठल्या डिस्कवर आहेत ते झोपेतही सांगता आलं पाहिजे.

त्या रात्री लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. सर्व्हर उठत होता, पडत होता, परत उठत होता. कारण प्रत्येक वेळी तेच, 'डॉट इमिच' नावाची फाइल वाचता येत नाही. इमिच आपल्या प्रत्येक फोल्डरमध्ये ही एवढीशी फाइल ठेवतं आणि सुरू होताना ती जागेवर आहे का ते बघतं. नसेल तर पुढं जातच नाही. मग डिस्ककडे पाहिलं. तिचा अडॅप्टर वेगळा, तिला जागं व्हायला वेळ लागला. मिनी पीसी आधी उठला, डॉकरही उठला, आणि डिस्क जिथं जोडायची त्या रिकाम्या फोल्डरलाच त्यानं फोटोंची जागा मानलं. इमिच अडून बसलं नसतं, तर आईचे नवे फोटो निमूटपणे त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मिनी पीसीच्या छोट्या एसएसडीवर पडत राहिले असते आणि मला महिनोन्‌महिने कळलं नसतं. ही तपासणी ज्यांनी लिहिली त्यांचे मी मनापासून आभार मानते.

डिस्क माउंट केली, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडली, आणि कंटेनर पुन्हा उठवले. लिनक्समध्ये कुठली सेवा कधी सुरू करायची ते सिस्टिमडी ठरवतं. नंतर डॉकरच्या सिस्टिमडी सेवेत एकच ओळ घातली, 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' आणि पुढं त्या फोल्डरचा पत्ता. आता डिस्क जोडली गेल्याशिवाय डॉकर सुरूच होत नाही.

बॅकअपबद्दल थोडं. इमिच रोज रात्री २ वाजता डेटाबेसची प्रत काढतं आणि शेवटच्या १४ प्रती ठेवतं. पण त्या प्रतीत फोटो नसतात, हे लक्षात ठेवा. फोटो मी रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमनं दुसऱ्या डिस्कवर घेते, आणि तिसरी डिस्क दादाकडे पुण्यात असते, दिवाळीला आणि गुढीपाडव्याला अदलाबदल होते. एका रविवारी जुन्या लॅपटॉपवर सगळं परत उभं करून पाहिलं, तेव्हा कळलं की फोटो होते, डेटाबेस होता, पण कंपोज फाइल आणि पासवर्डची फाइल बॅकअपमध्ये नव्हतीच. उभं करून पाहिल्याशिवाय बॅकअपवर विश्वास ठेवू नका.

आमच्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, नाही, त्यामुळे बाहेरून पोर्ट उघडण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून फोन आणि डबा यांना एका खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं टेलस्केल बसवलं. आईच्या फोनमध्ये ते कायम चालू असतं, तिला काही करावं लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी घातला तो शोधावर. इमिचमध्ये शब्द लिहून फोटो शोधता येतो, पण शब्द आणि फोटो जुळवणारं मूळ मॉडेल इंग्रजीसाठी आहे. आई मराठीतच लिहिणार. म्हणून बहुभाषिक एनएलएलबी क्लिप मॉडेल लावलं. मॉडेल बदललं की सगळ्या फोटोंवर ते काम पुन्हा चालवावं लागतं. एकोणीस हजारांना दीड दिवस लागला, पंखा सारखा घोंघावत होता.

लाइट गेली होती त्या रात्री, सगळं सुरू झाल्यावर, पावणेबाराला आईला फोन केला. "आता बघ उघडून."

"उघडलं." मग बराच वेळ ती काही बोलली नाही. तिनं 'विहीर' लिहून शोधलं होतं. बागेतल्या विहिरीपाशी बाबा उभे, हातात स्टार्टरची वायर.

"मागं शेवगा दिसतोय बघ," ती म्हणाली. "तो तोडायला नको होता."